दहावा चिंचोका

डहाणू रोडला स्टेशनासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिथुननं अकरावं पान सरळ करायला घेतलं आणि तिथंच त्याची नजर अडकली. खरं तर वाचायचं काही कारण नव्हतं. अहवालाच्या सात प्रती काढायच्या, पिना मारून घ्यायच्या, तलासरीकडे जाणारी एसटी गाठायची आणि मधल्या फाट्यावर उतरायचं, एवढंच काम होतं. पण मशीनमधून ते पान उलटं पडलं, आणि माणसाचा डोळा कुठं गप्प बसतो! 'गावातील परीक्षकांच्या गुणदानास कोणतेही निकष नाहीत,' असं तिथं लिहिलं होतं. 'उदाहरणार्थ, २००३ च्या तुकडीतील एका विद्यार्थिनीने आपले काम निर्दोष पूर्ण करूनही तिला दहापैकी नऊ गुण देण्यात आले. कारण विचारले असता ते सांगण्यात आले नाही. सबब, यापुढे गावातील व्यक्तींनी केवळ शिकवावे. गुण विद्यापीठाच्या अध्यापकांनीच द्यावेत.' खाली सही होती, समितीच्या अध्यक्षांची. डॉ. प्राजक्ता सामंत. ती विद्यार्थिनी कोण, हे त्या दुकानातल्या कुणाला कळणार नव्हतं. मिथुनला कळलं. नऊ देणारी बाई कोण, तेही त्याला ठाऊक होतं, कारण ती त्याची आई होती. आणि 'कारण विचारले असता' या तीन शब्दांपाशी तर तो पुन्हा पुन्हा परत आला. दुकानदार म्हणाला, "सर, चेक करून घ्या हां, मागून पान राहिलं बोलायचं नाय." मिथुननं मान हलवली आणि न मोजताच गठ्ठा पिशवीत कोंबला.

एसटीत त्याला खिडकी मिळाली. सरावली गेलं, चिकूच्या वाड्या मागे पडल्या, आणि गाडी डोंगराच्या बाजूला वळली तसा तो एकवीस वर्षं मागे गेला. आता पाटीवर विद्यापीठ आहे, लिबरल आर्ट्स असं इंग्रजीतून ठळक लिहिलेलं आहे, पण पोरं अजून दोनशे तीसच, आणि तेव्हा तर नुसतं कॉलेज होतं. टेकडीवर भाताचं एक जुनं गोदाम, त्यातच लायब्ररी, त्यातच परीक्षा, आणि पावसाळ्यात त्यातच वाळत घातलेले कपडे. आसपासची माणसं त्याला कॉलेज म्हणतच नसत, 'टेकडी' म्हणत. "तुमचा पोरगा टेकडीवर आहे ना?" असं आईला विचारत, आणि आई असं काही 'हां' म्हणायची की पोरगा मंत्रालयात असावा. तत्त्वज्ञानाचा तास संपला की तीच पोरं वनस्पतीशास्त्राला जायची, तिथून चित्रकलेला. एका विषयाचा माणूस म्हणजे एका पायाचा माणूस, असं चुरी सर म्हणायचे आणि स्वतः एका पायावर उभे राहून दाखवायचे. त्यांना एकदा तोल सांभाळता आला नाही, थेट खडूच्या खोक्यात बसले. सगळा वर्ग हसला, आणि सर्वांत जास्त हसली ती प्राजक्ता. दादरची. दोन वेण्या, पायात ट्रेकिंगचे बूट, आणि प्रश्न विचारायची सवय इतकी, की मेसच्या मावशींनाही आमटीत गूळ कधी घातला म्हणून विचारायची.

त्या टेकडीवरची सगळ्यांत वेगळी गोष्ट म्हणजे पाड्याचा पेपर. प्रत्येकानं चार महिने आसपासच्या एका माणसाकडून एक काम शिकायचं. घरच्या माणसाकडून शिकायचं नाही, एवढा एकच नियम. आणि शेवटी परीक्षा घ्यायला प्राध्यापक नाही, तोच माणूस यायचा. लिहिता न येणारी माणसं गुण कसे देणार, म्हणून चुरी सरांनी पत्र्याच्या ताटलीत दहा चिंचोके ठेवायची पद्धत पाडली होती. परीक्षकानं विचारायचं असेल ते विचारायचं, मग ताटलीतले चिंचोके विद्यार्थ्याच्या ओंजळीत टाकायचे. जितके टाकले तितके गुण. विद्यार्थ्यानं ते घेऊन बाहेर पडवीत जायचं, आणि मग सर परीक्षकाला दोन शब्द विचारून वहीत लिहून घ्यायचे. मिथुन समुद्रकाठच्या आगर गावात मासेमारीची जाळी विणायला शिकला, चिमणभाईंकडे. चिमणभाई म्हणजे मोकळा माणूस, हात सैल. परीक्षेला आले, मिथुनची एक गाठ ओढून पाहिली, आणि "लई जा बधा!" म्हणत ताटलीच त्याच्या हातावर उपडी केली. दहाच्या दहा. सगळं एका मिनिटात उरकलं, कारण त्यांना भरतीच्या आत परत जायचं होतं.

प्राजक्तानं बियाणं निवडलं. पुतळीबाईंकडे, म्हणजे मिथुनच्या आईकडे, तलासरीच्या अलीकडच्या पाड्यावर. भाताचं आणि नागलीचं बी कसं राखायचं, कणगीत कुठला पाला घालायचा, कसबई भाताचं बी महाडी भातात मिसळलं तर डोळ्यांनी कसं ओळखायचं, हे सगळं. शनिवारी दुपारी जायची ती सोमवारी सकाळी परत यायची, केसांत भुसा घेऊन. मिथुनला त्या दिवसांत स्वतःच्या घरी जायचा संकोच वाटायचा. आपल्याच ओट्यावर ही पोरगी पाय पसरून बसलेली, आणि आई तिला दाताखाली दाणा चावायला लावतेय: "कट् वाजलं तर सुकलं, नाय वाजलं तर परत उन्हात." प्राजक्ता चावायची, कान देऊन ऐकायची. आईनं मिथुनला असं कधी काही शिकवलं नव्हतं. शिकवायचं कशाला, तो तर तिथंच वाढलेला. पण त्याला हेवा वाटला होता, हे आता एसटीच्या खिडकीत बसून त्यानं कबूल केलं. दोन महिन्यांत प्राजक्ता आईशी पाड्याच्या बोलीत बोलायला लागली. चुकतमाकत, पण बेधडक. आई तिच्या चुकांना इतकी हसायची की लुगड्याचा पदर तोंडात कोंबायची.

आणि तो परीक्षेचा दिवस. आई पहिल्यांदाच परीक्षक म्हणून टेकडीवर आली होती. लुगडं धुतलेलं, डोक्याला तेल, आणि खुर्चीवर बसायला तयार नाही. शेवटी चुरी सर स्वतःच जमिनीवर बसले, तेव्हा तीही ऐसपैस बसली. पाड्यावरच्या परीक्षकांसाठी दुभाषी म्हणून त्या वर्षी मिथुनलाच ठेवलं होतं, कारण दोन्ही भाषा नीट येणारा तुकडीत तो एकटाच. आईनं आठ प्रकारचं बी मिसळून आणलं होतं. प्राजक्तानं ते दहा मिनिटांत वेगळं केलं, एक दाणा इकडचा तिकडे नाही. आईनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि एकेक चिंचोका तिच्या ओंजळीत टाकायला सुरुवात केली. नऊ टाकले. दहावा उचलला, कपाळाला लावला आणि ताटलीच्या कडेला ठेवून दिला. प्राजक्तानं कडेच्या त्या चिंचोक्याकडे पाहिलं. मग नऊ चिंचोके मुठीत घेऊन बाहेर गेली. मिथुनला त्या क्षणी सगळं कळलं होतं. त्यांच्याकडे खळ्यावर भात मोजताना शेवटचं माप घरी नेत नाहीत. ते कणसरीचं, धान्याच्या देवीचं. रास भरली, पूर्ण झाली, की एक माप तिला ठेवायचं आणि मग हात जोडायचे. आईनं आयुष्यात कधी रास पूर्ण उचलली नव्हती. तिच्या लेखी नऊ आणि एक, म्हणजेच पुरे दहा.

चुरी सर म्हणाले, "मिथुन, विचार बरं त्यांना. एक का ठेवला?" आणि मिथुन आईकडे वाकला आणि त्यानं पाड्याच्या बोलीत विचारलं, "आणखी काय सांगायचं आहे का तुला?" आई म्हणाली, "नाय. झालं." मिथुननं सरांना सांगितलं, "काही सांगत नाही, सर. एवढेच म्हणते." सरांनी वहीत नऊ लिहिले.

का केलं असं? या एका प्रश्नावर त्यानं एकवीस वर्षं स्वतःला नाना उत्तरं दिली होती. पहिलं उत्तर सोपं होतं. तुकडीत पहिल्या येणाऱ्याला टेकडीवर राहून दोन वर्षं शिकवायची फेलोशिप मिळायची, आणि प्राजक्ता अर्ध्या गुणानं त्याच्या पुढे होती. त्या एका चिंचोक्यानं ती अर्ध्या गुणानं मागे गेली. पण एवढंच असतं तर त्यानं स्वतःला सरळ चोर म्हणून टाकलं असतं आणि मोकळा झाला असता. दुसरंही होतं काहीतरी. आदल्याच आठवड्यात मेसमध्ये त्यानं कणसरीचं नाव काढलं होतं आणि मुंबईची दोन पोरं हसली होती. वाईट नाही, सहजच, पण हसली होती. आता सरांपुढे, त्या गोदामात, आईच्या तोंडून देवीचं नाव निघावं आणि ते आपण मराठीत सांगावं, याची त्याला लाज वाटली. लाज मोठी की लोभ, हे त्याला कधीच ठरवता आलं नाही. कधी एक वर यायचं, कधी दुसरं. तो मात्र मूग गिळून बसला तो बसलाच. प्राजक्तानं पडवीत विचारलं, "विचारलं का रे सरांनी?" तो म्हणाला, "विचारलं. काही बोलली नाही ती." प्राजक्तानं मान डोलावली. संध्याकाळी ती मेसमध्ये जेवायला आली नाही.

पुढच्या वर्षी आई परत परीक्षेला निघाली तेव्हा चुलीपाशी बसून त्यानं तिला सांगितलं, "तिथं पुरे दहा द्यायचे. ठेवायचा नाय एक. तिथं कणसरी नसते." आईनं फुंकणी खाली ठेवली. "कणसरी नाय असं ठिकाण कठं आहे?" ती म्हणाली. पण पोरगा तिथला मास्तर झालेला, त्याचा शब्द कसा मोडणार? ती दहा देत गेली. पंधरा-सोळा वर्षं, गुडघे धरेपर्यंत. आणि दर सुगीला एकदा तरी विचारत राहिली, "ती दादरची पोर का रं येत नाय? चांगली होती." तो म्हणायचा, "कामात असते ती." फेलोशिपची दोन वर्षं संपली, मग नोकरी, मग पाड्याच्या पेपराचा प्रमुख, मग डहाणू रोडला फ्लॅट, बायको, दोन मुली. प्राजक्ता पुण्याला गेली, मोठी झाली, शिक्षणावरची तिची पुस्तकं आता इथल्याच लायब्ररीत होती.

टेकडीवर पोचला तेव्हा प्राजक्ता आलीच होती. विद्यापीठाची इको गाडी तिला स्टेशनावर घ्यायला गेली होती. मिथुननं झेरॉक्सचं निमित्त करून ते टाळलं होतं. केस पांढरे झालेले, वेण्या नाहीत, पण बूट तसेच. "काय मास्तर!" ती लांबूनच ओरडली. ऑफिसातली निलम दचकून बघायला लागली, मिथुन सरांना अशी हाक मारणारं कुणी तिनं पाहिलं नव्हतं. मीटिंग दोनला होती. दोघं टेकडी फिरायला निघाले, जुनी माणसं फिरतात तशी, प्रत्येक दाराशी थांबत. गोदामात आता काचेची पार्टिशनं, वाय-फाय, पण वास तोच, भाताचा आणि ओल्या कागदाचा. मेसच्या मागे पोरं ओळीनं ताटं घासत होती.

"अजून आपापलं ताट आपणच?"

"हो. आता लिक्विड आलंय. तेव्हा नारळाची शेंडी आणि राख होती."

"आणि तू माझं ताट घासायचास, मला ताप होता तेव्हा. पाच दिवस." ती हसली. "मी ते कुणाकुणाला सांगत असते. टेकडी म्हणजे काय, विचारलं की हेच सांगते."

ते ऐकून मिथुनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगलं आठवणाऱ्या माणसासमोर वाईट सांगणं फार कठीण असतं. तो काहीतरी बोलायला गेला आणि चिकूच्या झाडांबद्दल बोलला, यंदा बहर कसा कमी आहे वगैरे. मग तीच म्हणाली, "अकरावं पान वाचलंस ना? तुझ्या आईचं नाव मी घातलं नाही. राग नाहीये माझा, खरंच. पण मिथुन, ज्या पोराचं करिअर त्या गुणावर ठरतं त्याला कारण कळायला नको? ही माणसं शिकवू देत की. नुसता गुण देण्याचा अधिकार काढायचा."

म्हणजे आता गप्प राहिलं की झालं. दोन वाजता सात माणसं माना हलवणार, आणि या टेकडीवर यापुढे कुठलीही पुतळी, कुठलाही चिमण ताटलीला हात लावणार नाही. का, तर त्याच्या आईला म्हणे कारण सांगता आलं नाही. मिथुनच्या डोळ्यांपुढे जमिनीवर ऐसपैस बसलेली आई आली, तेल लावलेलं डोकं, कपाळाला लावलेला तो चिंचोका. गेली एकवीस वर्षं आपण या पेपराचे राखणदार म्हणून मिरवलो, भाषणं ठोकली, आणि त्याला वाळवी आपणच लावून ठेवलेली. तो नळाला तोंड लावून पाणी प्यायला. मग तिथंच, ओल्या हनुवटीनं, त्यानं सगळं सांगितलं. खळं सांगितलं, कणसरी सांगितली, सरांनी काय विचारायला सांगितलं आणि त्यानं काय विचारलं ते शब्दाला शब्द सांगितलं. फेलोशिपचंही सांगितलं. लाजेचं सांगायला लागला तेव्हा तिनं हात वर केला.

"ते नको. ते तुझं तू ठेव."

ती नळाच्या कट्ट्यावर बसली. पोरं ताटं घेऊन निघून गेली. मगच ती बोलली. "पहिला नंबर गेला त्याचं काही नाही रे. फेलोशिपचं वाईट वाटलं, मला इथंच राहायचं होतं. पण तेही सोड. तुला एक सांगू? मला नागलीची भाकरी जायची नाही. पहिले दोन महिने. तुझ्या आईला म्हणायचे, फार आवडते, आणि मागच्या दारी जाऊन कुत्र्याला घालायचे. तो लाल कुत्रा होता ना तुमचा. ती नववा टाकून थांबली, तेव्हा मला वाटलं, हिनं पाहिलंय. हिला कळलंय की ही पोरगी खोटी आहे. म्हणून एक ठेवला." तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "एकवीस वर्षं मला तेच वाटतंय, मिथुन. कुणी चांगलं म्हटलं की मला वाटतं, याला अजून कळलेलं नाही. पुतळीबाईंना कळलं होतं. म्हणून आले नाही मी परत. स्वतः जाऊन विचारायची भीती वाटली. त्या हो म्हणाल्या असत्या तर?"

"ती दर सुगीला विचारते तुझं," मिथुन म्हणाला.

"आणि तू काय सांगतोस?"

"कामात असते म्हणून."

प्राजक्तानं त्याच्याकडे पाहिलं. राग होता, आणि तो तिनं लपवला नाही. तिनं बुटाची नाडी घट्ट केली, उठली, आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या इकोकडे चालायला लागली. मिथुन मागून गेला. "थांब, मी येतो. पाड्याचा रस्ता बदललाय. आईला आता ऐकायलाही कमी येतं, मी सांगतो तिला..."

"तू नको येऊस," ती म्हणाली. "आम्हांला बोलता येतं."

"दोनला मीटिंग आहे."

"मग सुरू करा. मी नसताना जे सांगशील तेच मी अहवालात घालीन. मी असताना नको, मग ते माझ्यासाठी सांगितल्यासारखं होईल." दार लावता लावता ती ड्रायव्हरशी बोलली, तलासरीच्या अलीकडे डावीकडे, पुतळीबाईंचं घर कुणीही दाखवील. गाडी धुरळा उडवत उतारावरून गेली.

दोन वाजता सातांपैकी सहा जण जमले. कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं, कुणीतरी पंखा वाढवला, निलम इतिवृत्ताची वही उघडून बसली. "सर, मॅडम कुठंयत?" तिनं हळूच विचारलं.

"माझ्या आईकडे गेल्यात," मिथुन म्हणाला. मग तो उभा राहिला. त्यानं अहवालाचं अकरावं पान उघडून टेबलावर ठेवलं. "सुरुवातीलाच एक सांगायचंय. त्या विद्यार्थिनीला कारण सांगितलं गेलं नाही, असं अहवालात आहे. बाईंकडे कारण होतं. त्यांना ते कुणी विचारलंच नाही. त्या दिवशी दुभाषी मी होतो. सरांनी मला विचारायला सांगितलं, आणि मी मुद्दाम दुसरंच विचारलं. पहिला नंबर मला मिळावा म्हणून."

कुलगुरूंनी चष्मा काढला. निलमचं पेन वहीवर तसंच थांबलं होतं.

"सर," ती म्हणाली, "हे लिहू?"

"लिही," तो म्हणाला. "आणि माझं नाव पूर्ण लिही, आईच्या नावासकट."